बोगदा, नाट्यगृह आणि चंद्राचं यंत्र : प्राचीन ग्रीसमधली एक फेरी

ग्रीसला जाणारा माणूस सहसा अथेन्सच्या टेकडीपासून सुरुवात करतो. आपण आधी थोडं आडबाजूला जाऊ. एजियन समुद्रात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून सामोस नावाचं बेट आहे. पायथागोरसचं हे जन्मस्थान. इथल्या एका चुनखडकाच्या डोंगराच्या पोटातून १,०३६ मीटर लांबीचा बोगदा आरपार गेलाय. इ.स.पू. सहाव्या शतकात तो हातोडी आणि छिन्नीने खोदला. डोंगरापलीकडच्या झऱ्याचं पाणी शहरात आणायचं होतं, आणि तेही शत्रूच्या नजरेला पडणार नाही अशा वाटेने.

हे काम केलं मेगारा गावच्या युपालिनोसने. त्याचं नाव आपल्याला कळतं ते प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं म्हणून. बोगदा एवढा अरुंद की अगदी पुढच्या टोकाशी एका वेळी दोघांनाच कसंबसं काम करता यावं. एकाच बाजूने खणत बसलं तर दुप्पट वेळ जाणार. म्हणून त्याने दोन्ही बाजूंनी एकदम खोदकाम सुरू केलं. होकायंत्र नाही, दुर्बीण नाही. मध्ये अख्खा डोंगर. आणि अंधारात खणत आलेल्या दोन तुकड्यांची गाठ पडायला हवी.

युपालिनोस मला मोठा वाटतो तो इथे. आपलं मोजमाप चुकू शकतं हे त्याने आधीच गृहीत धरलं. दोन्ही बोगदे सरळ रेषेत येत राहिले आणि त्यांच्यात दोन-तीन मीटरांचा फरक पडला, तर ते एकमेकांच्या शेजारून निघून जातील आणि कधीच भेटणार नाहीत. म्हणून भेटीची जागा जवळ आल्यावर त्याने दोन्ही बोगद्यांना मुद्दाम वळण दिलं. आता एक वाट दुसरीला आडवी जाणार, म्हणजे छेद मिळणारच. उरली उंची. त्यासाठी एका बाजूने छत वर नेलं, दुसऱ्या बाजूने जमीन खाली घेतली, म्हणजे थोडा चढउतार झाला तरी दोन पोकळ्या एकमेकींना गाठतील. प्रत्यक्षात ही दुसरी काळजी वायाच गेली, कारण उंचीचा हिशोब जवळपास तंतोतंत जुळला होता. आज बोगद्यातून चालताना ते वळण पायाखाली स्पष्ट जाणवतं. चुकीला जागा ठेवून केलेलं इतकं जुनं नियोजन क्वचितच असं पायाने चालून पाहायला मिळतं.

आता मुख्य भूमीवर, पेलोपोनीजमधल्या मायसीनीला. हे तर आणखी सातशे वर्षं मागचं जग. सिंहद्वारातून आत शिरण्याआधी वर पाहा. दाराच्या आडव्या तुळईवर दोन सिंहांचं शिल्प आहे, ते एका त्रिकोणी शिळेवर कोरलंय. ती शिळा केवळ शोभेची नाही. दारावरची भिंत तशीच सरळ रचत नेली असती तर तिचा सगळा भार तुळईच्या मधोमध आला असता. दगड दाब भरपूर सोसतो, पण वाकवलं की मोडतो. म्हणून गवंड्यांनी तुळईच्या वर त्रिकोणी पोकळी सोडली, भिंतीचा भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर वळवला आणि ती पोकळी हलक्या, पातळ शिळेने झाकली.

जवळच ‘अट्रियसचा खजिना’ म्हणतात ती थडग्याची इमारत आहे. नाव फसवं आहे, खजिना वगैरे काही नाही. आतला घुमट साडेचौदा मीटर रुंद आणि तेरा मीटरांहून उंच. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा आत सरकवलेला, असे ३३ थर, आणि शेवटी माथ्यावर तोंड बंद. दारावरची आतली तुळई सुमारे १२० टनांची. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळात सभामंडपाचं छत याच तत्त्वावर पेललेलं असतं. अंबरनाथच्या शिवमंदिरात मान वर करून पाहिलेल्या माणसाला मायसीनीतलं छत ओळखीचं वाटेल. ग्रीकांनी आपल्याला शिकवलं किंवा आपण त्यांना, असा याचा अर्थ नाही. कमान माहीत नसलेल्या गवंड्याला दगडाने छत घालायचं तर दगडच त्याला ही वाट दाखवतो.

मायसीनीहून फार दूर नाही एपिडॉरस. वैद्यकाची देवता अस्क्लिपियस, तिचं हे मोठं क्षेत्र. दूरदूरचे आजारी इथे येऊन मुक्काम करत. त्यांच्यासाठी बांधलेलं इ.स.पू. चौथ्या शतकातलं नाट्यगृह आजही जवळजवळ शाबूत आहे. डोंगरउताराला टेकून ५५ रांगा, माणसं १२-१३ हजार सहज मावतील. गाईड तुम्हाला सगळ्यात वर बसवतो, स्वतः खाली मध्यभागी जातो आणि नाणं टाकतो किंवा कागद फाडतो. ‘ऐकू आलं ना?’ बहुतेक लोक मान डोलावतात.

यामागचं कारण २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मांडलं, आणि ते फार सुंदर आहे. चुनखडकाच्या बैठकांच्या ओळी ठरावीक अंतराने येतात, त्यामुळे त्या ध्वनीला चाळणीसारख्या लागतात. सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचे खर्जातले आवाज, म्हणजे झाडांतून वाहणारा वारा, प्रेक्षकांची कुजबुज, दबून जातात. वरच्या पट्टीतला आवाज परावर्तित होऊन प्रेक्षकांकडे जातो. मग प्रश्न येतो, पुरुषी आवाजाचा खर्जही त्या चाळणीत अडकत असेल, तर नट बारीक आवाजात बोलल्यासारखा का वाटत नाही? कारण गाळलेला भाग मेंदू स्वतः भरून काढतो. साध्या फोनवर खालच्या पट्टीचे सूर फारसे पोचत नाहीत, तरी वडिलांचा आवाज आपल्याला वडिलांचाच वाटतो, तसंच.

पण २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोवन विद्यापीठाच्या चमूने नाट्यगृहात ठिकठिकाणी मायक्रोफोन लावून शेकडो जागी मोजमाप केलं. निष्कर्ष : नाण्याचा आवाज वरपर्यंत जातो खरा, पण तो नाण्याचा आहे हे ओळखू येतं ते साधारण निम्म्या अंतरापर्यंतच. कुजबुज तर पुढच्या काही रांगांच्या पलीकडे समजत नाही. नटाने खणखणीत आवाजात बोललं तर मात्र मागच्या रांगेलाही शब्द कळतात. मला वाटतं, यात नाट्यगृहाचा काही कमीपणा नाही. बांधणाऱ्यांनी ते नाणी टाकायला बांधलंच नव्हतं. तालमीत कमावलेल्या आवाजासाठी बांधलं होतं, आणि ते काम दगड अजून करतात. उन्हाळ्यात इथे प्राचीन नाटकांचे प्रयोग आजही होतात.

डेल्फीला फार वेळ थांबायचं नाही, पण एक वाद कानावर घालायलाच हवा. पार्नासस पर्वताच्या कुशीतल्या अपोलोच्या देवळात पिथिया नावाची पुजारीण तिवईवर बसून भाकित सांगायची, आणि राजे-महाराजे त्यावर युद्धं ठरवायचे. स्वतः डेल्फीत पुजारी राहिलेल्या प्लुटार्कने लिहून ठेवलंय की गाभाऱ्यात कधीकधी गोडसर वास दरवळायचा. २००१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवलं की देवळाखाली दोन भ्रंश, म्हणजे जमिनीतल्या खडकाच्या मोठ्या भेगा, एकमेकांना छेदतात, आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्यात इथिलीनचा अंश सापडला. गोडसर वासाचा, भूल पाडणारा हा वायू. आपल्या ओळखीचाच : अढीत घातलेला हापूस पिकताना सोडतो तो हाच. पुढे दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला की या खडकांतून गुंगी येण्याइतकं इथिलीन निघणं शक्य नाही; मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडने हवेतला प्राणवायू कमी होत असेल. वाद मिटलेला नाही. भ्रंश मात्र खरे आहेत, भूकंपही खरे; इ.स.पू. ३७३ मध्ये हे देऊळ भूकंपातच कोसळलं होतं.

आता अथेन्स. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचं पार्थेनॉन हे देऊळ इ.स.पू. ४४७ ते ४३२ या पंधरा वर्षांत उभं राहिलं. वास्तुविशारद इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीस, शिल्पांची जबाबदारी फिडियसची, संगमरवर पेंटेली डोंगराचा. लांबून पाहिलं तर सगळं ओळंब्यात, काटकोनात दिसतं. जवळ जाऊन लांब बाजूच्या पायरीच्या कडेशी नजर न्या. पायरी सरळ नाही! मध्यभागी ती टोकांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर उंच आहे, आखूड बाजूला सहा-एक सेंटिमीटर. खांबही सरळ नाहीत. ते सगळे किंचित आत कललेले आहेत. कल्पनेने वर वाढवत नेले तर दोन-अडीच किलोमीटर उंचीवर एकत्र येतील. खांबांच्या कडा मध्ये जराशा फुगीर, कोपऱ्यातले खांब इतरांहून थोडे जाड.

याचा अर्थ काय, ते गवंड्याच्या जागी उभं राहून पाहा. पायरी वाकडी, म्हणून तिच्यावरचा खांब उभा करायचा तर सगळ्यात खालचा दगड एका बाजूला पाचरीसारखा तासायला हवा. खांब कललेला, म्हणून वरच्या तुळयांचे सांधेही त्या कलाने कापायचे. एका जागेचा दगड दुसऱ्या जागी बसणार नाही. हजारो दगड, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. हा उपद्व्याप कशासाठी? लांब सरळ रेषा डोळ्याला मध्ये खचल्यासारखी दिसते, ती दुरुस्ती म्हणून, असं रोमन काळापासून सांगितलं जातं. कुणी म्हणतं, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. मला तिसरं पटतं : या बाकामुळे इमारत जिवंत वाटते, श्वास भरून घेतल्यासारखी, आणि बांधणाऱ्यांना ते ठाऊक असणार. निव्वळ पाण्यासाठी कुणी एवढे दगड वेगवेगळे तासत नाही.

१६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या तुर्की दारूगोळ्यावर पडला आणि इमारतीचा मधला भाग उडाला. पण त्यानंतरचं एक नुकसान भलं करायला गेलेल्यांनी केलं. प्राचीन कारागीर दगड जोडताना लोखंडी पकडी वापरत आणि त्यांच्याभोवती वितळलेलं शिसं ओतत. शिशाच्या वेष्टनात पाणी-हवा पोचत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डागडुजी करणाऱ्यांनी लोखंड घातलं, शिसं मात्र वगळलं. लोखंड गंजलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो; तो फुगला आणि संगमरवर आतून तडकला. आपल्या इमारतींच्या स्लॅबमधली सळई गंजली की खालचा गिलावा खपल्या होऊन पडतो, तोच प्रकार. १९७५ पासून नव्याने काम सुरू झालं ते ही लोखंडं काढण्यापासून. आता तिथे टायटॅनियम बसवतात.

फेरीतला शेवटचा थांबा अथेन्समधलंच राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. अँटिकिथेरा बेटाजवळ १९०० मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना बुडालेलं जहाज सापडलं. त्यातून वर आलेल्या पुतळ्यांपुढे हिरव्या पडलेल्या काशाच्या ढेकळांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. १९०२ मध्ये त्यातल्या एकावर चाकाचे दाते दिसले. २००५ मध्ये क्ष-किरणांनी थराथरांत आतली चित्रं काढली, तेव्हा कुठे त्या घड्याळासारख्या यंत्राचा उलगडा झाला. तीस दातेरी चाकं उरलीत. बाजूची मूठ फिरवली की काटे सूर्य-चंद्राची जागा दाखवत. चंद्र कधी जलद तर कधी सावकाश सरकतो, तेही एका चाकावरची खिट्टी दुसऱ्या चाकाच्या खाचेत सरकवून त्यांनी साधलं होतं. सगळ्यात मोठ्या चाकाला दाते २२३, कारण तितक्या चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो.

मागच्या बाजूला सर्पिलाकार तबकडी आहे, तिच्यावर २३५ घरं. १९ सौरवर्षांत २३५ चांद्रमास बसतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८. वर सात उरतात. हे सात महिने आपल्याला परके नाहीत. पंचांगात १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो, जावयाला अनारसे वाढण्याचा धोंड्याचा महिना. २००४ साली अधिक श्रावण होता. १९ वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा अधिक श्रावणच आला, आणि दोन्ही वेळा तो जुलैच्या मध्यावरच सुरू झाला. अथेन्सच्या काचेच्या पेटीतल्या त्या तबकडीवरचा काटा तेवढ्याच काळात सगळी घरं चालून शेवटच्या घराशी पोचायचा, आणि मग त्याला हाताने पुन्हा पहिल्या घराशी आणावं लागायचं.