जबड्याचा सांधा दुखतोय? आम्ही तो कसा तपासतो

कान दुखतो म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं, आणि मग आमच्या कॉलेज रोडच्या दवाखान्यात आलो, असं सांगणारे पेशंट बरेच असतात. दुखणं कानात जाणवतं, पण सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. दोन्ही तर्जन्या कानांच्या पुढे टेकवा आणि हळूच आ करा. बोटांखाली जे सरकतं, तोच हा सांधा. आधी तो बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे घसरतो. दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो.

नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि जबडा अडकत नसेल, तर उपचारांची गरज नाही. हे ऐकून पेशंटला चुकल्यासारखं वाटतं, पण केवळ आवाजासाठी आम्ही काहीही करत नाही.

पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यातच जातो. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असेल, तर झोपेत दात खाण्याचा संशय येतो. संध्याकाळपर्यंत दुखणं वाढत असेल, तर काम करताना दात आवळण्याची सवय आहे का, ते आम्ही विचारतो. झोपेत दात खाल्ले की जंत झाले, असं घरोघरी म्हणतात. मोठ्या माणसांत मात्र आम्ही ताण, झोप, घोरणं, चहा-कॉफी, तंबाखू आणि चालू असलेल्या गोळ्यांची चौकशी करतो.

मग साध्या पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजतो. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं. घरी पाहायचं तर स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला ओढली जाते का, तेही पाहतो. आधी आवाज यायचा, तो अचानक बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड कमी उघडतंय, असं झालं असेल तर थांबू नका, लवकर या.

टेबलावर एक छोटा वजनकाटा दिसेल. तो आमच्या बोटांसाठी आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू 1 किलोच्या दाबाने तपासायचे असतात, तर सांध्याच्या टोकावर अर्ध्या किलोचाच दाब द्यायचा असतो. म्हणून तपासणीआधी काट्यावर बोट दाबून आम्ही अंदाज घेतो. प्रत्येक ठिकाणी दाबल्यावर एकच प्रश्न असतो: “तुमचं रोजचं दुखणं ते हेच का?” उत्तर विचार करून द्या, कारण जोरात दाबलं तर निरोगी माणसालाही दुखतं. ओळखीचं दुखणं जिथे जागं होतं, ती जागा महत्त्वाची. बहुतेकदा ती सांध्यात नसून स्नायूत सापडते.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये हाडं आणि अक्कलदाढा दिसतात, चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो. पण उपचार बदलणार असतील तरच आम्ही तो सांगतो.

काही वेळा सांध्याचा काही दोष नसतो. पूर्वी मिसळीचा झणझणीत रस्सा चालायचा, आता साध्या तिखटानेही तोंड पोळतं, गाल आतून ताठ झालेत, आणि गुटखा किंवा सुपारीची सवय आहे, तर तोंड न उघडण्याचं कारण वेगळं असतं. त्या ताठरपणातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. सवयीबद्दल आमच्याशी मोकळेपणाने बोला, आम्ही कुणाला रागवत नाही.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, असं होत असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. बसूनही थांबत नसेल, घाम फुटला असेल किंवा छाती भरून आली असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा. वय पन्नाशीपुढे, कानशिलात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, घास चावताना भरून येणारा जबडा आणि अंधुक दिसणं, हे एकत्र असेल तर त्याच दिवशी फिजिशियनना भेटा. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

तोवर घरी ऊस, चिक्की, फुटाणे बंद ठेवा. वरणभात किंवा मऊ खिचडी खा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. दिवसभर ओठ मिटलेले आणि दात सुटे, एवढं लक्षात ठेवा. कुणी चावा जुळवण्यासाठी दात घासून कमी करायला सुचवलं, तर होकार देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.

येताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कवळी असेल तर तीही आणा. दुखण्यावरची गोळी घेतली असेल तर किती वाजता घेतली, ते आधी सांगा. गोळीचा असर असताना दुखरी जागा सापडणं अवघड जातं.