घरून काम (कोल्हापूर)

नेमून दिलेले काम कार्यालयात न जाता राहत्या घरातून करण्याच्या पद्धतीस घरून काम म्हणतात. बोलण्यात ‘वर्क फ्रॉम होम’ हाच शब्दप्रयोग रुळला आहे. दूरसंचाराच्या साहाय्याने कार्यालयापर्यंतचा प्रवास टाळण्याच्या कल्पनेला अमेरिकी संशोधक जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हे नाव दिले. भारतात ही पद्धत घरोघरी पोहोचली ती मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे. पुण्या-मुंबईस नोकरी करणारे अनेक कोल्हापूरकर त्या काळात गावी परतले आणि घरातूनच काम करू लागले.

घर हेच कामाचे ठिकाण असणे कोल्हापूर जिल्ह्यास नवे नाही. हुपरीचे चांदीकाम आणि कोल्हापुरी चपलांचा व्यवसाय हे दोन्ही मोठ्या प्रमाणात घरात किंवा घरालगतच चालत आले आहेत. चपलेच्या कामात कातडे कापणे, शिवणे, वेणी घालणे ही कामे घरातली माणसे वाटून घेतात. तेथे काम सर्वांच्या डोळ्यांसमोर असते आणि दिवसाकाठी किती जोड झाले हे कोणालाही मोजता येते. पडद्यावरचे काम मात्र घरच्यांना दिसत नाही. लॅपटॉपसमोर बसलेला माणूस घरीच तर आहे, असे समजून त्याला गॅसची टाकी उतरवून घेण्यासाठी किंवा आलेल्या पाहुण्यांशी बोलण्यासाठी हाक मारली जाते; सुनेच्या बाबतीत तर संपूर्ण स्वयंपाक गृहीत धरला जातो. घरून काम करणाऱ्याची कार्यक्षमता घटण्याचे कारण त्याच्या आळसात शोधण्याचा प्रघात आहे, परंतु बऱ्याच घरांत खरे कारण हे न दिसणेच असते.

म्हणून कामाच्या वेळा घरच्यांशी बोलून ठरवणे आणि सर्वांना दिसतील अशा लिहून ठेवणे हा सर्वांत उपयोगी उपाय ठरतो. पेठांमधील जुन्या घरांत स्वतंत्र खोली क्वचितच मिळते. तेथे सोप्यातील (ओसरीतील) एखादा कोपरा कायमचा नेमून घेतला तरी चालते. गादीवर लोळत काम केल्याने मान व पाठ धरते, त्यामुळे टेबल-खुर्ची हवीच. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असे डोळ्यांच्या आरामासाठी सुचवले जाते.

परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा कोल्हापुरात, ऋतूनुसार, सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. म्हणजे रंकाळा तलावावर फिरण्याची आणि घरी एकत्र जेवण्याची वेळ नेमकी कामात जाते. अशांनी रंकाळ्याची फेरी सकाळी मारावी आणि घरच्यांसोबतचे जेवण दुपारी आणावे, हे उत्तम. रात्रीची झोप तोडून दिवसाची कामेही अंगावर घेण्याची ओढाताण फार काळ निभत नाही.

पंचगंगा नदीचा पूर ही येथील खास अडचण होय. या नदीवरील राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले, शहराचे अनेक भाग जलमय झाले आणि पुणे-बंगळूरू महामार्ग बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला. अशा वेळी वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा राहत नाही. इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड आणि गरज पडल्यास उंचावरील नातेवाइकांच्या घरी बसण्याची सोय, यांची तजवीज नदीकाठच्या भागातील नोकरदारास पावसाळ्यापूर्वीच करावी लागते.