डाऊनी ओळखणारे दोघे

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार सकाळीच बागेत शिरतो. द्राक्षाच्या पानावर तेलकट पिवळा डाग दिसला की पान उलटून बघतो. खाली पांढरी बुरशी दिसली की डाऊनी, म्हणजे द्राक्षाचा एक रोग! फोटोवरून हेच निदान आता न्यूरल नेटवर्कही करू शकतं, म्हणजे थराथरांनी जोडलेलं, उदाहरणांवरून शिकणारं संगणकातलं जाळं. म्हणून त्याला सरसकट ‘कृत्रिम मेंदू’ म्हणायचं का? मला ते पटत नाही.

मेंदूकडून केलेली उसनवारी मात्र खरी आहे. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स या संशोधकांनी चेतापेशीचं गणित मांडलं: आलेल्या संकेतांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच पेशी पुढे संकेत पाठवते. पुढे ह्युबेल आणि वीझल या मेंदू-संशोधकांना मांजराच्या मेंदूत ठरावीक कोनातल्या रेषांनाच दाद देणाऱ्या पेशी सापडल्या. त्यावरून जपानी संशोधक फुकुशिमांनी १९८० मध्ये जे जाळं रचलं, ते आजच्या फोटो ओळखणाऱ्या जाळ्यांचं पूर्वज.

वाटा फुटतात त्या शिकण्यापाशी. नेटवर्कचं उत्तर चुकलं की ती चूक शेवटच्या थरापासून उलट्या दिशेने मोजत नेतात आणि प्रत्येक जोडणीचा आकडा किंचित बदलतात. हे हजारो फोटोंवर पुन्हा पुन्हा चालतं. मेंदूत असं घडत असेल का, यावर डीएनएवाल्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये शंका घेतली. चेतातंतूवरून संदेश साधारणपणे एकाच दिशेने जातो; मग झालेल्या चुकीचा हिशेब मागे पोचवणार कोण? या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही. बागायतदाराच्या पोराला मात्र दोन-चार पानं दाखवली तरी पुरतं. (अर्थात, त्याचे डोळे जन्मापासून जग बघत आलेत, हेही धरायला हवं.) शिवाय सुमारे ८६०० कोटी चेतापेशींचा हा मेंदू जेमतेम २० वॉटवर चालतो.

दुसरा फरक विसरण्याचा. द्राक्षाचे रोग शिकलेल्या जाळ्याला नंतर फक्त कांद्याचा करपा शिकवत बसलात, तर ते डाऊनी विसरू लागतं. आपल्याकडे द्राक्ष आणि कांदा दोन्ही करणारे शेतकरी असे गोंधळत नाहीत. उंदरांच्या मेंदूत दिवसा चाललेल्या वाटेचे संकेत झोपेत पुन्हा उमटताना दिसले आहेत. जुनं टिकवण्यात या उजळणीचा हात असावा, असं मानलं जातं. अभियंत्यांचा एक उपायही याच जातीचा आहे: कांद्याच्या फोटोंत अधूनमधून द्राक्षाचे जुने फोटो मिसळायचे.