सुगम्य पर्यटन

दिव्यांग, वयोवृद्ध किंवा हालचालींवर मर्यादा आलेल्या कोणालाही इतरांसारखाच सुरक्षितपणे आणि सन्मानाने प्रवास करता यावा, यासाठी वाहने, निवास, स्थळे आणि माहिती यांची केलेली आखणी. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारातील (2006) कलम 30 मध्ये पर्यटनस्थळांचा उल्लेख आहे; भारताने हा करार 2007 मध्ये स्वीकारला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी ठरलेली 5 वर्षांची मुदत 2022 मध्ये उलटली. सुगम्यतेचे निकष बंधनकारक हवेत, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर 2024 मध्ये दिला.

सहल अडते ती बहुधा प्रेक्षणीय स्थळी पोहोचण्याआधीच. हॉटेलात लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. रॅम्पच्या उताराचे प्रमाण 1:12 हवे, म्हणजे दीड फूट उंची गाठायला 18 फूट लांबी. तेवढी जागा कोण सोडणार? मग छातीवरचा चढ बांधून ‘रॅम्प आहे’ असे सांगितले जाते. त्यावरून सामानाची ट्रॉली ढकलता येते, व्हीलचेअर नाही. दार 90 सेंमी रुंद असावे असा संकेत आहे, तर न्हाणीघराची दारे कित्येकदा जेमतेम दोन फुटांची, नेहमीच्या व्हीलचेअरपेक्षाही अरुंद. त्यामुळे खोली घेताना ‘सोय आहे का?’ असे विचारून भागत नाही, दाराचे माप विचारावे लागते.

महाराष्ट्रात डोंगर, लेणी आणि गड यांमुळे प्रश्न अधिक बिकट होतो. वेरूळच्या कैलास लेण्याचे प्रांगण दाराच्या पातळीवरच आहे, पण मुख्य गाभारा वरच्या मजल्यावर, जिन्याने गाठायचा. अजिंठ्याला बसमधून उतरल्यावर पायऱ्या लागतात. तिथे खुर्ची बांधलेली डोली मिळते आणि चौघे ती खांद्यावर घेतात. डोलीमुळे लेणी दिसतात, पण कुठे थांबायचे आणि किती वेळ, हे पूर्णपणे बसणाऱ्याच्या हाती राहत नाही. रायगडचा रोपवे (1996) आणि सप्तशृंगगडावरची फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून दोराने ओढली जाणारी, ट्रॉली (2018) यांनी मोठी चढण वाचवली. रायगडावर मात्र रोपवेतून उतरल्यावरही पायऱ्या आहेतच.

सुगम्यता म्हणजे केवळ व्हीलचेअर नव्हे. अंधांसाठी स्पर्शून पाहण्याच्या प्रतिकृती आणि ब्रेल फलक लागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘अनुभव’ हे दालन त्याचे उदाहरण. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा जाणणारा गाइड हवा, आणि तो अजून दुर्मीळच आहे.

बांधलेली सोय टिकवणे हे वेगळेच काम. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअर पाण्याजवळ नेता यावी म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये लाकडी मार्ग खुला झाला. पुढच्याच महिन्यात मंदौस चक्रीवादळात त्याची मोडतोड झाली आणि दुरुस्ती करावी लागली.