मुळांशी चालणारी जागल

टोबलेल्या सरकीला मोड फुटून मूळ जमिनीत उतरू लागले की ते भोवतालच्या काळ्या मातीत साखर, अमिनो आम्ले आणि सेंद्रिय आम्ले पाझरू लागते. या अन्नावर जगणाऱ्या जिवाणूंची दाटी मुळाभोवती होते. मातीच्या या पातळ थराला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. तिथे राहणारा स्युडोमोनास हा जिवाणू नागपूर, काटोल किंवा उमरेडच्या शेतकऱ्याला अनोळखी नाही, कारण मर आणि मूळकूज यांविरुद्ध बीजप्रक्रियेसाठी कृषी केंद्रात ट्रायकोडर्माच्या शेजारी त्याचीही पुडी मिळते. मात्र याच कुळातील काही जिवाणू बुरशीप्रमाणे अळीचाही जीव घेतात, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात बऱ्याच उशिरा आले.

या कथेतले दोन मुख्य जिवाणू रोगांच्याच शोधात सापडले होते. ‘सीएचए-०’ हा वाण स्वित्झर्लंडमध्ये तंबाखूच्या मुळांवरून मिळाला, तर ‘पीएफ-५’ हा अमेरिकेतील टेक्सासमध्ये कापसाच्या मुळांजवळच्या मातीतून वेगळा करण्यात आला आणि रोपे कोलमडवणाऱ्या बुरशीला तो रोखतो, असे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पऱ्हाटीच्या मुलखात राहणाऱ्या वाचकाला ही दुसरी नोंद विशेष जवळची वाटावी. २०११ मध्ये दोन्ही वाण स्युडोमोनास प्रोटेजेन्स, म्हणजे ‘रक्षण करणारा’, या नव्या प्रजातीत गणले गेले.

२००५ मध्ये पीएफ-५ची संपूर्ण जनुकीय संहिता वाचली गेली आणि तिच्यात एक अनपेक्षित जनुक आढळले. त्याचे साम्य होते फोटोऱ्हॅब्डस या जिवाणूच्या विषाशी. फोटोऱ्हॅब्डस मातीतल्या सूत्रकृमीच्या पोटात राहतो, सूत्रकृमी अळीत शिरला की तिच्या शरीरात सोडला जातो आणि अळी लुळी पडून मरते. मुळांवर राहणाऱ्या जिवाणूला असल्या विषाचे काय काम, हा प्रश्न साहजिक होता. २००८ मध्ये स्विस संशोधकांच्या गटाने त्याचे उत्तर दिले: हे जिवाणू अळ्यांना टोचले असता त्या मेल्या, ते जनुक काढून टाकल्यावर जिवाणूंची मारकता घटली आणि तेच जनुक एरवी निरुपद्रवी असलेल्या ई. कोलाय जिवाणूत घातल्यावर तोही अळ्या मारू लागला. या विषाला ‘फिट’ असे नाव मिळाले. पुढे २०१३ मध्ये जिवाणू लावलेली पाने खाऊनही स्पोडोप्टेराच्या अळ्या मरतात, असे दिसून आले; आपल्या सोयाबीनची पाने फस्त करणारी अळी याच स्पोडोप्टेराच्या गणातली आहे.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती जिवाणूची काटकसर. फिटचा रेणू सुमारे ३,००० अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनांमध्ये अवाढव्य, आणि तो बनवणे महागाचे काम आहे. म्हणून मुळांवर असताना जिवाणू हे विष बनवत नाही. अळीने मूळ किंवा पान खाल्ले, तो तिच्या आतड्यात पोचला, तिथल्या प्रतिस्पर्धी जिवाणूंशी झुंजून आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तद्रवात शिरला, की त्याच्या पेशीतील एक संवेदक प्रथिन परिसर बदलल्याचे ओळखते आणि तेव्हाच विषाची निर्मिती सुरू होते. कोबीच्या मुळांवरील माशीसारख्या काही कीटकांत तर हा जिवाणू अळीपासून कोषात, कोषातून प्रौढ कीटकात टिकतो आणि त्याच्यासोबत नव्या झाडाच्या मुळांपर्यंत जातो.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे आणि बीटी कापसाच्या यशापयशाची चर्चा इथे घरोघरी होते, त्यामुळे हा जिवाणू गुलाबी बोंडअळीवर चालेल का, असे कोणीही विचारील. बीटी हेही मातीतल्याच एका जिवाणूचे देणे. २००२ मध्ये त्या कापसाला भारतात परवानगी मिळाली आणि पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे सोडले. परंतु ही अळी बोंडात शिरून सरकी खाते, मुळांवरचा जिवाणू तिथवर पोचण्याची शक्यता कमी, त्यामुळे तिच्याबाबत मी आशा लावणार नाही. जमिनीत राहून मुळे कुरतडणाऱ्या हुमणीसारख्या किडीच्या वाटेवर मात्र तो मुळातच बसलेला असतो, आणि संशोधनाचा भर तिथे असावा असे मला वाटते.

फिटची जनुके प्रोटेजेन्स आणि क्लोरोरॅफिस या प्रजातींत आढळतात, ‘स्युडोमोनास फ्लुओरेसन्स’ नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाणात नव्हे, त्यामुळे रोगासाठी आणलेल्या पुडीकडून अळी मारण्याची अपेक्षा धरू नये. शिवाय बीटीचा जिवाणू कणखर बीजाणू बनवून तग धरतो, तसे बीजाणू स्युडोमोनास बनवत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पुडीतले जिवाणू पेरणीपूर्वीच मेलेले असू शकतात. हे उन्हाळे सोसेल अशा रूपात जिवंत पेशी शेतापर्यंत पोचवणे हे विदर्भापुरते तरी विषाच्या शोधाइतकेच अवघड काम आहे.