कोरियन आय क्रीम घेण्याआधी खिडकीत आरसा घेऊन बसा

वहिनीने नाशिकच्या कॉलेज रोडवरून एक कोरियन आय क्रीम आणलं, इवलीशी ट्यूब, किंमत चांगलीच, आणि तीन आठवड्यांनी मला म्हणाली अगं डोळ्याखालचं काळं आहे तसंच आहे, पैसे पाण्यात गेले. मी तिला खिडकीशी बसवलं, हातात आरसा दिला आणि म्हटलं डोळ्याखालची कातडी बोटाने हलकेच ताण.

हे घरी कोणीही करून बघा. ताणल्यावरही तपकिरी रंग तसाच राहिला तर ते मेलॅनिन, म्हणजे कातडीतलंच रंगद्रव्य. निळसर-जांभळट झाक आणखी उठून दिसली तर त्या आतल्या रक्तवाहिन्या, कारण पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, आतलं सगळं दिसतं. आणि उजेडाकडे तोंड वर केल्यावर काळं गायबच झालं तर ती चक्क सावली आहे, डोळ्याखाली जो खळगा असतो ना त्याची. वहिनीचं हेच निघालं, तिच्या आईचेही डोळे तसेच. आता सावलीला क्रीम काय करणार? वयाने चरबी पुढे येऊन झालेल्या पिशव्यांनाही काही करत नाही. रात्री झणझणीत मिसळ आणि वर दोन पापड खाल्ले की सकाळी येते ती सूज वेगळी, ते मिठामुळे साचलेलं पाणी असतं, कॅफिनवाल्या क्रीमने थोडा वेळ उतरल्यासारखी वाटते, तेवढं काम फ्रीजमधला थंड चमचाही करतो.

मग कोरियन क्रीममध्ये काहीच नाही का? आहे ना. तिथे फंक्शनल कॉस्मेटिक, म्हणजे ठरावीक परिणामाचा दावा करणारं प्रसाधन, असा कायद्यातच वेगळा वर्ग आहे, आणि त्यांच्या अन्न-औषध मंत्रालयाने त्यासाठी घटक आणि त्यांचं प्रमाण ठरवून दिलंय. रंग उजळण्यासाठी नायसिनामाइड 2 ते 5 टक्के, सुरकुत्यांसाठी अ‍ॅडेनोसिन 0.04 टक्के, किंवा रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. म्हणून खोक्यावर ब्राइटनिंग आणि रिंकल असं दोन्ही लिहिलं असेल तर बहुतेक वेळा नायसिनामाइड आणि अ‍ॅडेनोसिन ही जोडीच असते, जिनसेंग आणि गोगलगायीच्या चिकट स्रावाचं नाव कितीही मोठ्या अक्षरात असलं तरी. आणि हेही लक्षात घ्या की तो कायदा सुरकुत्या कमी व्हायला मदत असं म्हणतो, सुरकुत्या जातील असं म्हणत नाही.

मेलॅनिनवाल्यांना नायसिनामाइडचा थोडाफार फायदा होतो पण किमान दोन-तीन महिने द्या, आणि सनस्क्रीन नसेल तर विसरा. आपल्याकडे धूळ, गाजरगवत, टू-व्हीलरवर हेल्मेटची काच वर करून फिरणं, मग डोळे चोळणं, त्या चोळण्यानेच काळं वाढतं हे मला फार मनापासून सांगायचंय. अ‍ॅलर्जी असेल तर पहिला खर्च डोळ्यांच्या डॉक्टरवर करा, क्रीमवर नंतर.

रेटिनॉल किंवा त्याचंच भावंड रेटिनॅल बारीक सुरकुत्यांवर खरंच काम करतं पण हळूहळू. मी पहिल्याच आठवड्यात रोज रात्री लावलं, तेही पार पापणीच्या कडेपर्यंत, आणि कातडी लाल होऊन सोलली, डोळे चुरचुरत होते. आठवड्यातून दोनदा सुरू करा, तांदळाच्या दाण्याएवढं, डोळ्याखालच्या हाडावर. गरोदर असाल तर नकोच.

घेताना तारीख बघा, कोरियन खोक्यावर वर्ष आधी असतं, मग महिना, मग दिवस, आणि कधीकधी ती बनवल्याची तारीख असते, संपायची नाही. भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेलं लेबल नसेल तर डोळ्याजवळ लावायची वस्तू आहे, सोडून द्या.

वहिनीने ती ट्यूब टाकली नाही. त्यात सेरामाइड आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड हे ओलावा धरून ठेवणारे घटक आहेत, आणि नाशिकच्या जानेवारीत कातडी कोरडी पडून डोळ्याखाली ज्या बारीक रेषा येतात त्या ओलावा मिळाला की तासाभरात भरल्यासारख्या दिसतात, तेवढ्यासाठी ती आता वापरते. दुसरी ट्यूब मात्र मागवली नाही.