न थांबणारा कॉम्प्रेसर वीज कशी वाचवतो?

इन्व्हर्टर फ्रीज, म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गरजेप्रमाणे वेग बदलतो तो, घरी आला की आठ-दहा दिवसांत एक तक्रार हमखास येते: 'हा बंदच होत नाही.' जुना फ्रीज खट्‌ करून सुरू व्हायचा, काही वेळ घुमायचा आणि थरथरून गप्प व्हायचा. नव्याच्या मागे कधीही कान लावा, बारीक गुणगुण चालूच. सतत चालणारं यंत्र जास्त वीज खाणार, हा हिशोब पंख्याला लागू पडतो, दिव्यालाही पडतो. फ्रीजपाशी येऊन तो फसतो.

जुन्या कॉम्प्रेसरमध्ये सिंगल फेज इंडक्शन मोटर असते. ५० हर्ट्‌झच्या विजेवर ती मिनिटाला साधारण २,९०० फेरे घेते. फ्रीज दिवसभर उघडला नसला तरी तेवढेच आणि नुकतंच गरम पातेलं आत सरकवलं असलं तरी तेवढेच. थर्मोस्टॅट तिला फक्त चालू किंवा बंद करू शकतो. त्यात तिची ताकद सगळ्यात कडक उन्हाळ्याच्या हिशोबाने ठरवलेली, म्हणजे एरवी ती गरजेपेक्षा मोठीच.

थांबण्यालाही खर्च येतो. कॉम्प्रेसर बंद पडला की कंडेन्सरमधला, म्हणजे खोलीत उष्णता टाकणाऱ्या बाहेरच्या जाळीतला, गरम, दाबाखालचा गॅस कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून थंड कॉइलमध्ये उतरत राहतो, दोन्हीकडचे दाब सारखे होईपर्यंत. बाहेर काढलेली थोडी उष्णता अशी मागच्या दाराने परत आत शिरते. पुन्हा सुरुवात झाली की आधी तो दाब नव्याने उभा करायचा, मग कुठे गारवा.

पण सगळ्यात मोठी बचत कॉइलमध्ये आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कॉम्प्रेसरचा वेग निम्मा केला की दर मिनिटाला फिरणारा गॅसही साधारण निम्मा होतो. कंडेन्सर आणि आतली कूलिंग कॉइल मात्र तेवढ्याच राहतात. निम्मं ओझं, पृष्ठभाग पूर्ण. मग उष्णता टाकायला कंडेन्सरला खोलीपेक्षा फार तापावं लागत नाही आणि उष्णता शोषायला कूलिंग कॉइलला फार गार व्हावं लागत नाही. समजा, पूर्ण वेगात कूलिंग कॉइल उणे २५ अंशांवर आणि कंडेन्सर ४५ अंशांवर होता: फरक ७० अंश. कमी वेगात तेच आकडे उणे २० आणि ३८ झाले, तर फरक ५८ अंश. उष्णतेच्या नियमांनुसार एका युनिट विजेत जास्तीत जास्त किती उष्णता उचलता येईल, ती मर्यादा पहिल्या स्थितीत सुमारे ३.५ पट आणि दुसऱ्या स्थितीत ४.४ पट येते. प्रत्यक्ष यंत्र या मर्यादेच्या बरंच खाली चालतं, पण फायद्याची दिशा हीच. चढ कमी असला की ओझं वाहणं सोपं, इतकं साधं आहे हे.

वेग बदलण्यासाठी मोटरच वेगळी लागते. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक असतात. इंडक्शन मोटरला रोटरमध्ये प्रवाह निर्माण करून चुंबकत्व आणावं लागतं आणि तो प्रवाह रोटर तापवतो. इथे तो खर्चच नाही. बाहेरच्या सर्किट बोर्डावर घरातल्या २३० व्होल्टचा पुरवठा आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, होतो, सुमारे ३२५ व्होल्टचा. मग सहा इलेक्ट्रॉनिक स्विच तो सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटरच्या तीन वाइंडिंगना (तारांच्या वेटोळ्यांना) हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा थ्री फेज पुरवठा देतात. 'इन्व्हर्टर' तो हाच. वीज गेल्यावर कामी येणाऱ्या बॅटरीच्या पेटीशी त्याचं नातं नावापुरतं.

सुरुवात बघण्यासारखी असते. रोटर कुठल्या कोनात थांबलाय हे बोर्डाला माहीत नसतं, कारण तेल, उष्णता आणि गॅसने भरलेल्या सीलबंद डब्यात सेन्सर बसवणं टाळतात. म्हणून बोर्ड आधी ठरावीक वाइंडिंगमध्ये प्रवाह सोडून रोटरला ओळखीच्या जागी ओढून आणतो, मग अंदाजाने हळूहळू फिरवतो. रोटर पुरेसा फिरू लागला की त्याचे चुंबक वाइंडिंगमध्ये उलट व्होल्टेज तयार करतात. ते वाचून बोर्डाला जागा कळते आणि तिथून पुढे अंदाज संपतो. सुरू होताना जुन्या मोटरसारखा पाच-सहा पट प्रवाहाचा झटका बसत नाही, तो यामुळेच.

वेग किती कमी करायचा याला मर्यादा आहे. साधारण १,२०० ते ४,५०० फेरे हा नेहमीचा पट्टा. शाफ्टच्या टोकाशी असलेला तेलाचा पंप फिरण्याच्या जोरावरच तेल वर चढवतो. वेग फार उतरला तर बेअरिंग कोरडी पडतील. त्यामुळे गरज अगदीच कमी असली की हा कॉम्प्रेसरही थांबतो.

आता बिघाड. कॉम्प्रेसरपेक्षा बोर्ड आधी जातो, बहुतेकदा व्होल्टेजच्या उसळीने. तपासताना प्लग काढून काही मिनिटं थांबायचं आणि बोर्डावरच्या कपॅसिटरमधलं (वीज साठवणाऱ्या भागातलं) व्होल्टेज उतरल्याची मीटरने खात्री करायची. तो ३२५ व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. मग कॉम्प्रेसरचा कनेक्टर काढून तिन्ही पिनांमध्ये दोन-दोन करून रोध मोजायचा. तिन्ही वाचनं जवळपास सारखी यायला हवीत, आणि कुठलीही पिन ते कॉम्प्रेसरची धातूची बॉडी यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. हे ठीक असेल तर संशय बोर्डावर. जुन्या सवयीने कॉम्प्रेसरला थेट २३० व्होल्ट लावून 'चालतो का' बघणं म्हणजे वाइंडिंग जाळायची तयारी. गॅसच्या नळ्यांना तर अनुभवी माणसाशिवाय कोणी हात लावू नये. अनेक फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो.

राहिली ती मूळ तक्रार. मंद गुणगुण दिवसभर चालू असेल तर काही बिघडलेलं नाही. पण दार तासन्‌तास बंद असूनही आवाज चढाच राहिला, तर आधी दाराचं रबर बघा: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली आणि ती सहज सुटून आली, तर तिथून गरम हवा आत जातेय. मग मागच्या जाळीवरची धूळ. जाळी दिसत नसेल तर कंडेन्सर बहुधा बाजूच्या पत्र्याआड आहे आणि फ्रीज भिंतीला चिकटवलेला चालणार नाही. हे सगळं नीट असूनही कॉम्प्रेसर जोरात पळतोय, आत गारवा नाही आणि कंडेन्सर जेमतेम कोमट लागतोय, तर गॅस गळाला असण्याची शक्यता मोठी.